रमाबाई फुलहॅमला गेल्या तेव्हा
(वेंगुर्ले येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या मेळाव्यानंतर एका देणगीदार काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, आम्ही पैसे भरतो नर्सिंगसाठी. उद्या ही मुलगी कामाच्या अनुभवाला परदेशी गेली आणि तिकडे तिने भलतेच काही डोक्यात घेतले, तर?" प्रश्न मनापासून होता. आपल्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलीही आता परदेशाचे नाव काढू लागल्या आहेत, तेव्हा तो पुन्हा येणार. म्हणून आज पंडिता रमाबाईंच्या विद्यार्थीदशेविषयी बोलते. मुक्ती मिशनच्या रमाबाई आपल्याला ठाऊक आहेत. शिकायला गेलेल्या रमाबाईंविषयी आपण कमी बोलतो.

परदेशातून माणसे इथे येण्याची वेंगुर्ल्याला सवय आहे. गोहीन डॉक्टर मिशनच्या कामासाठी आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट 1919 साली इथेच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. त्याने आयुष्यात काय करावे, हे वेंगुर्ल्याच्या मंडळीला कोणी विचारले नव्हते. इथून तिकडे जाणाऱ्याच्या बाबतीत मात्र आपण लगेच हिशेब मांडतो.

1883 साली रमाबाई इंग्लंडला निघाल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. पती वारलेले, मांडीवर दोन वर्षांची मनोरमा. डोक्यात एकच बेत होता, डॉक्टर व्हायचे. आदल्या वर्षीच त्यांनी हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे ठासून सांगितले होते. प्रवासाच्या खर्चाला त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक उपयोगी पडले. वाँटेज गावातल्या सेंट मेरी भगिनीसंघात त्या उतरल्या, पण पाहुणी म्हणून नव्हे. हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचे, आणि त्याबदल्यात त्यांची राहण्याजेवणाची व इंग्रजी शिकण्याची सोय व्हायची, असा करार होता. आजच्या मुलींना हे लगेच कळेल. काम करत शिकायचे!

आणि डॉक्टर होण्याचा बेत तिथेच मोडला. रमाबाईंना कमी ऐकू येई, आणि ते वाढत चालले होते. वैद्यकीचा मार्ग बंद झाला. आपल्या एखाद्या मुलीचे असे झाले असते, तर आपल्या समितीत काय ठराव झाला असता, याचा मी कधी कधी विचार करते.

त्याच काळात भगिनींनी त्यांना लंडनमधल्या आपल्या शाखेत पाठवले. तिथे फुलहॅमला, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी भगिनींचे आश्रयगृह होते. रमाबाईंनी तिथे अशा स्त्रिया पाहिल्या, की ज्या एकेकाळी त्या आश्रयगृहात आल्या होत्या आणि आता स्वतः आजाऱ्यांची सेवा करत होत्या. आपल्या देशात अशा बाईला कोणी दारात उभे करत नाही, मग या लोकांना हे का करावेसे वाटते, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढून शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ही हकीकत रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत स्वतःच लिहून ठेवली आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

फुलहॅम हे काही त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हते. पण केडगावला मुक्ती उभी राहिल्यावर तिथे 'कृपासदन' निघाले, ते अशाच स्त्रियांसाठी. वैद्यकीसाठी गेलेल्या विद्यार्थिनीने परत आणलेली ही वस्तू.

पुढची दोन वर्षे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेली. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई रागावल्या. माझ्या आईने पुरुषांना शिकवले, मी शिकवले, तेव्हा माझ्या वडिलांनी किंवा पतीने कधी आडकाठी केली नाही, आणि आता ही माणसे करतात, अशा आशयाचे त्यांनी कळवले. हा प्रसंग आपल्या उपदेशांत सहसा येत नाही. यायला हवा. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षेही झाली नव्हती आणि ती बाई बिशपांशी वाद घालत होती. तरी तिचा विश्वास ढळला नाही.

1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला डीन रेचल बॉडली यांच्या निमंत्रणावरून रमाबाई गेल्या. इंग्लंडमधल्या हितचिंतकांना हे जाणे फारसे रुचले नव्हते. त्या तिथे अडीच वर्षांहून अधिक राहिल्या आणि फ्रोबेलच्या पद्धतीचे बालशिक्षण शिकल्या. मुलाला हाताने करू द्यायचे, खेळातून शिकू द्यायचे, हे त्यांनी वर्गात बसून पाहिले. आधी डॉक्टर, मग संस्कृतच्या अध्यापिका, आणि आता बालवर्गाची शिक्षिका. काकांच्या भाषेत सांगायचे तर तिसऱ्यांदा भलतेच.

पण 1887 च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि त्या लोकांनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. त्या जोरावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. दहा वर्षांचे वचन, तेही शाळा सुरू होण्याआधी! आपण वर्षाची फी भरतो आणि सहामाही निकाल मागतो.

निकाल मागू नये असे मी म्हणत नाही. पैसे तुमचे घामाचे आहेत. कोणाचे मासळीचे, कोणाचे काजूचे, आणि दर तिमाहीचा हिशेब तुम्हाला मिळतो, मिळालाच पाहिजे. मुलीने अभ्यासक्रम मध्येच टाकू नये, हेही आम्ही तिला सांगतो. मला खटकते ते वेगळे आहे. पाहुणे आले की आपण त्यांना पिंगुळीला ठाकर मंडळींच्या बाहुल्या आणि चित्रकथी दाखवायला नेतो, आणि वसतिगृहात आलो की प्रत्येक आदिवासी मुलीला नर्स करून मोकळे होतो. दोन्हीकडे ती कोण आहे हे आपणच ठरवलेले असते. आपल्या स्वतःच्या मुलांना आपण इतके बांधून घालत नाही. माझ्या ओळखीत इंजिनियरिंग सोडून हॉटेल काढलेले तिघे आहेत आणि त्यांच्या हॉटेलात आपण सगळे जेवतो.

तेव्हा काकांना माझे उत्तर असे. ती नर्स होऊन आली तर आनंद आहे. तिकडे वृद्धांची सेवा पाहून, मुक्या-बहिऱ्यांची शाळा पाहून तिचे मन तिथे लागले, तर समितीने तिला बोलावून आधी ऐकून घ्यावे, आणि मगच पुढच्या फीचे ठरवावे. हा ठराव मी या वर्षी समितीपुढे मांडणार आहे. तुमचा पाठिंबा हवा आहे.

बाहेर चहाच्या टेबलावर पाकिटे ठेवली आहेत. प्रत्येकाने एका मुलीला पत्र लिहावे. गुण किती पडले हे विचारू नका, ते आम्ही विचारतोच. तू काय पाहिलेस, ते विचारा.