ताडी झाडाची, पावडर कुणाची?

(तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही, वकील नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत कंत्राटावर हमाल लागलो. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. आज ताडीवर बोलणार आहे. हसू नका. माझा चुलता ताडीनं गेला असं सगळी चाळ म्हणते. मी म्हणतो, ताडीनं नाही गेला.

आधी ताडी म्हणजे काय ते बघू. ताडाची ताडी, माडाची माडी, शिंदीची शिंदी. पोय बांधायची, ठोकायची, रोज टोक छाटायचं, खाली मडकं लावायचं. मडक्याला आतून चुना असला तर रस लवकर आंबत नाही. पहाटे उतरवला की ती नीरा. स्टेशनाबाहेर साहेबलोक सकाळी ग्लास मारतात, ती हीच. चुना नसला की यीस्ट साखर खायला लागतं आणि काही तासांत ताडी होते. दिवसभरात मद्यार्क ४-५ टक्क्यांवर, म्हणजे बिअरइतका. पुढं ठेवली तर शिरका. म्हणजे ही साठवायची चीज नाही, आणि झाड देईल तेवढीच ती येणार. सगळी गोम इथंच आहे.

या शहरात झाडं उरली किती? आणि दुकानं तर दिवसभर वाहतात! मग बाकीचा माल कुठनं येतो? नळातनं. पाण्यात सॅकरीन टाकतात, आणि नशेला क्लोरल हायड्रेट, नाहीतर डायझेपाम, अल्प्राझोलाम. ही झोपेची, गुंगीची औषधं. मात्रा वाढली, वर दारू पडली, तर श्वास मंदावतो, बंद पडतो. आणि रोजची सवय लागली की एक दिवस न मिळाल्यानंही हात थरथरतात, माणूस बरळतो, फिट येते. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत भेसळीच्या ताडीनं माणसं मेली. ती कष्टकरीच होती.

चुलत्याचं असंच झालं. दुकान तीन दिवस बंद होतं. तिसऱ्या रात्री त्याला फिट आली. दवाखान्यात नेला तर म्हणाले, बेवडा आहे, उतरेल. बाकावर टाकून ठेवला. उतरायला पोटात काही नव्हतंच! पावडरीचं कुणी विचारलं नाही, आम्हालाही सांगता आलं नाही. सकाळी गेला.

आता कायदा बघा. १८७८ च्या अबकारी कायद्यानं इंग्रजांनी झाडावरचा कर चढवला, ताडी उतरवणाऱ्या भंडाऱ्यांच्या पोटावर पाय दिला. १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला. आज झाड छेदायला परवाना, विकायला परवाना, दारू प्यायलाही परवाना. सरकार झाडं मोजतं, महसूल मोजतं. ग्लासात काय आहे ते कोण मोजतं? जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉलच्या दारूनं शंभरावर माणसं गेली. मग धाडी पडल्या. आपल्याकडं तपासणी मयतीनंतर येते.

मी कुणाला ताडी पाजायला उभा नाही. व्यसनानं आपली घरं धुतली गेलीत, मला ते माहीत आहे. पण बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात दारूबंदीच्या खर्चावर बोट ठेवून शिक्षणाचं काय, असं विचारलं होतं. तसाच रोखठोक सवाल आपण विचारायचा. दुकानाला किती झाडं, आज किती लिटर उतरली, हे दारावर लिहा. नमुने अचानक उचला, अहवाल वस्तीत लावा. पिणाऱ्याला फटके मारू नका, पावडर पुरवणाऱ्याला धरा.

आणि आपलं काम? कुणी बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवा, झोपू द्या म्हणू नका, दवाखान्यात न्या. डॉक्टरला स्पष्ट सांगा, ताडीत गुंगीची पावडर असेल. रोज पिणाऱ्याची ताडी घरी कोंडून एकदम तोडू नका, डॉक्टरच्या हाताखाली सोडवा. हे चार शब्द मला त्या रात्री माहीत असते तर चुलता कदाचित आज इथं पाठीमागं बसला असता.

तुम्हाला आता माहीत झालेत. आपापल्या गल्लीत सांगा.

जय भीम.