फितींचें कपाट आणि दोन दुभाषी

मोठ्या संगणकगृहांत एक उंच कपाट असतें. त्याच्या खणांत चुंबकीय फितींच्या डब्या मांडलेल्या असतात व एक यांत्रिक हात हवी ती डबी उचलून फीतयंत्रांत बसवितो. हाताला आज्ञा पोंचवितो तो संगणकांतील 'ड्रायव्हर'; आपण त्याला दुभाषी म्हणूं.

त्याची भाषा तोकडी आहे. 'स्कझी' संकेतपद्धतीनें हात, खण, देवघेवीची खिडकी व फीतयंत्र एवढ्या चारच जागा मानल्या आहेत. अमक्या जागेंतून उचल, तमक्या जागीं ठेव, हें मुख्य वाक्य. लिनक्सच्या गाभ्यांत असा ड्रायव्हर २००५ सालीं आला. फ्रीबीएसडींत तो त्यापूर्वींच होता.

घोटाळा निराळाच आहे. हाताचा दुभाषी एक आणि फीतयंत्राचा दुसरा. या दोघांची एकमेकांशीं ओळख नसते! कपाट आपल्या यंत्रांना पहिलें, दुसरें म्हणतें. लिनक्स मात्र त्यांना जीं जशीं सांपडतील तसे क्रमांक देतें. संगणक पुन्हां सुरू केल्यावर हा क्रम बदलूं शकतो. मग हातानें कोरी फीत एका यंत्रांत घालावी आणि लेखन व्हावें दुसऱ्यांतील जुन्या फितीवर! तेथें कदाचित् वर्षभराचे हिशेब असतील. ते पुसले गेले कीं गेलेच.

म्हणून क्रमांकावर विसंबूं नये. पुष्कळशीं कपाटें विचारल्यास प्रत्येक यंत्राचा कारखान्यांत दिलेला अनुक्रमांक सांगतात. फीतयंत्रही स्वतःचा तोच अनुक्रमांक सांगतें. ते दोन ताडून पाहावे, डबीवरचा पट्टेरी संकेत आणि फितीच्या आरंभीं लिहिलेलें नांवही जुळवावें, आणि मगच लेखनाची आज्ञा द्यावी.