बद्धकोष्ठ : ज्येष्ठांची मूक व्यथा



आपल्या घरांत ज्येष्ठांची सकाळी विचारपूस होते ती झोपेची आणि चहाची. पोट साफ झाले का, हे मुले विचारीत नाहीत आणि आजी-आजोबा आपणहून सांगत नाहीत. या संकोचापायी चूर्णाची डबी घरात येते आणि वर्षानुवर्षे चालते. वस्तुतः बद्धकोष्ठ हा वार्धक्याचा अटळ भोग नव्हे. त्याला कारण असते आणि ते बहुधा शोधता येते.

शौचास रोज झालेच पाहिजे, असा नियम नाही. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, कुंथावे लागणे, मळाचे खडे होणे, पोट मोकळे झाल्याचे समाधान नसणे, ही खरी लक्षणे. निदानाचा प्रारंभ औषधांच्या पिशवीपासून करावा. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, रक्तदाबावरील व्हेरापॅमिल यांनी मलावरोध होऊ शकतो. मात्र डॉक्टरांना विचारल्याविना ती बंद करू नयेत. थायरॉइडची न्यूनता, मधुमेह व कंपवात हीही कारणे असतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचा विषयच मुळी नैसर्गिक वेग न रोखणे हा आहे.

एक लक्षण फार फसवे असते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास पातळ होऊ लागले की जुलाब थांबविणारी गोळी दिली जाते. कधी कधी आत मळाचा कठीण गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. त्या गोळीने दुखणे बळावते. डॉक्टरांनी गुदद्वाराची तपासणी केली म्हणजे उलगडा होतो.

उपचार साधे आहेत. भाज्या, फळे, कडधान्ये, पुरेसे पाणी आणि चालणे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. न्याहारीनंतर घाई न करता बसावे. कमोड असल्यास पायांखाली पाट घ्यावा. इसबगोल भरपूर पाण्यासहच घ्यावे. मळ अडकला असल्यास वा गिळण्यास त्रास असल्यास घेऊ नये. एवढ्याने न भागल्यास वैद्यकीय सल्ल्याने लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात. अनेक चूर्णांत सोनामुखी असते. तीही सल्ल्यानेच घ्यावी.

मळातून रक्त, घटणारे वजन, रक्तक्षय किंवा उतारवयात शौचाच्या सवयीत झालेला नवा बदल दिसल्यास आतड्याच्या कर्करोगाची शक्यता तपासलीच पाहिजे. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

ज्या घरात वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार केला जातो, त्या घरात हा प्रश्नही तितक्याच आपुलकीने विचारला जावा. सेवेचा आरंभ तेथूनच होतो.