जवान सरहद्दीवर, घर गावात

(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आपल्या सातारा जिल्ह्यात पलटणीत कोणीच गेले नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. साताऱ्याजवळच्या एका गावाचे तर नावच 'अपशिंगे मिलिटरी' असे पडले आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत जात आला. मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण १७६८ साली उभी राहिली. तिचे मुख्य ठाणे बेळगावला आहे. आपल्याकडची कितीतरी पोरं तिथूनच शिपाई होऊन बाहेर पडली.

पण आज मी जवानाच्या शौर्यावर बोलणार नाही. ते तुम्ही पुष्कळ ऐकले आहे. मला बोलायचे आहे ते त्याच्या घराविषयी.

जवान सरहद्दीवर गेला म्हणजे मागे काय राहते? म्हातारे आईबाप, बायको, एक-दोन लेकरे, दोन एकर रान आणि एखादी म्हैस. कोणी विचारील, तो बायको-पोरांना बरोबर का नेत नाही? तर फौजेत दोन तऱ्हेच्या जागा असतात. पुणे, बेळगाव अशा ठिकाणी नेमणूक असली आणि क्वार्टर मिळाली तर कुटुंब बरोबर राहू शकते. पण काश्मीरच्या, लडाखच्या किंवा अरुणाचलच्या चौक्यांवर कुटुंब नेता येत नाही. तिथे तो एकटाच जातो आणि दोन-तीन वर्षे काढतो. वर्षाची रजा साठ दिवस, आणि वर किरकोळ रजा तीस दिवस. तीही पाहिजे तेव्हा मिळेल असे नाही. पेरणीला पाऊस आला म्हणून पलटण त्याला सोडील काय?

मग पेरणी कोणी करायची? इथे गावाचे काम सुरू होते.

आपल्याकडे इर्जिक नावाची जुनी चाल आहे. दहा जणांनी आपापली औते घेऊन एकाच्या रानात जायचे, दिवसभरात रान नांगरून द्यायचे, आणि त्याच्या घरी जेवायचे. मजुरी नाही, हिशेब नाही. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. पण ट्रॅक्टरचीही इर्जिक होऊ शकते! डिझेल घरच्यांनी घालावे, ट्रॅक्टर आणि माणूस शेजाऱ्याने द्यावा. जवानाच्या घरची पेरणी, काढणी आणि मळणी ही तीन कामे गावाने अंगावर घेतली तरी अर्धा भार उतरला.

आणि पाण्याची पाळी! हे मी मुद्दाम सांगतो. सव्वीस जानेवारीला आपण जवानाच्या बापाला खुर्चीवर बसवतो, नारळ देतो, शाल देतो. आणि सत्तावीस तारखेला रात्री दोन वाजता त्याची पाळी आली की वरच्या अंगाला कोणीतरी दारे फोडून पाणी आपल्या उसाला घेतो. म्हातारा कंदील घेऊन बांधावर उभा. त्याने कोणाशी भांडावे? मला विचाराल तर शाल एक वेळ दिली नाही तरी चालेल, पण त्याच्या पाळीचे पाणी त्याला मिळू द्या.

आता पत्रांविषयी सांगतो. तुमच्या वर्गाचा आणि या विषयाचा खरा संबंध इथे आहे.

मी मास्तर झालो तेव्हा गावात मोबाइल नव्हते. शनिवारी शाळा सुटली की जवानांच्या घरच्या बायका पत्र घेऊन ओसरीवर यायच्या. मी वाचून दाखवायचो आणि सांगतील ते उत्तर लिहायचो. ती पत्रे सगळी एकसारखी. "इकडील सर्व ठीक आहे. म्हैस व्याली. पाऊस बरा आहे. काळजी करू नये." अशी पत्रे मी शेकड्यांनी लिहिली असतील. पण त्या बाईला खरे काय सांगायचे होते, ते त्यात कधी आले नाही. येणार कसे? शेजारी सासू बसलेली, समोर मास्तर, दारात चार पोरे. नवऱ्याला सांगायची गोष्ट परक्या माणसाच्या लेखणीतून कशी सांगावी?

एक बाई मात्र मला आठवते. तिने लेकराचा पाय कागदावर ठेवला आणि पेन्सिलीने भोवती रेघ काढून घेतली. म्हणाली, "गुरुजी, एवढं पाकिटात घाला. बूट आणायला माप होईल." बूट आले सहा महिन्यांनी, रजेत. तोवर पाय वाढला होता. ते बूट मग धाकट्याला झाले.

ती बाई पुढे प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकली. पहिले पत्र तिने स्वतः लिहिले आणि पाकीट स्वतः चिकटवले. त्यात काय लिहिले ते मला माहीत नाही. ते मला माहीत नाही याचाच मला फार आनंद झाला!

तुम्ही म्हणाल, आता पत्र कोण लिहितो? खरे आहे, फोन आहेत. पण वरच्या चौक्यांवर नेहमी रेंज असते असे नाही. शिवाय फोनवर आलेला मजकूर पुतण्याकडून वाचून घ्यायचा असेल, तर माझ्या ओसरीत आणि त्यात फरक काय राहिला? म्हणून वाचायला शिका.

जवानाचा पत्ता घरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. त्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि शेवटी ५६ ए.पी.ओ. किंवा ९९ ए.पी.ओ. गावाचे नाव त्यात नसते, कारण पलटण कुठे आहे ते शत्रूला कळू नये. टपाल दिल्लीला किंवा कलकत्त्याला फौजेच्या मोठ्या टपाल कचेरीत जाते आणि तिथून बरोबर पोचते. त्याच कारणासाठी फोनवर "आता कुठे आहेस, किती जण आहात" असे विचारू नका. त्याचा गणवेशातला फोटो, पलटणीचे नाव घालून, फोनवरून गावभर फिरवू नका. हौस समजते, पण जीव त्याचा आहे.

अफवांचेही तसेच. १९७१ च्या लढाईत मी लहान होतो. तारवाला सायकलवरून गल्लीत शिरला की बायका हातातले काम टाकून दारात येत आणि तो पुढे गेला की खाली बसत. तार २०१३ साली बंद झाली. आता तारवाल्याच्या आधी कोणाच्या तरी फोनवर बातमी येते, आणि ती खोटीही असते. तशी बातमी तुमच्या फोनवर आली तर ती त्या घरी नेऊ नका, पुढेही पाठवू नका. खरी खबर पलटणीकडून येते. ती येईपर्यंत त्या घरात जाऊन बसावे, चूल पेटली आहे का बघावे, जनावराला वैरण टाकावी. बोललेच पाहिजे असे नाही.

आता कागदपत्रांचे. हा भाग रुक्ष आहे, पण कान देऊन ऐका.

लग्न झाले, मूल झाले, की ते जवानाने पलटणीत कळवून आपल्या सरकारी नोंदीत घालून घ्यावे लागते. त्यासाठी लग्नाचा दाखला आणि जन्माचा दाखला हवा. बायकोचे नाव आधार कार्डावर एक, दाखल्यावर दुसरे आणि नोंदीत तिसरे असले, तर पुढे पेन्शनच्या वेळी तिला वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. माहेरचे 'सुमन' आणि सासरचे 'सुनंदा' असे आपल्याकडे फार चालते. नाव बदलायची हौस असली तरी कागदावर एकच नाव ठेवा.

दुसरे, पैसा. पूर्वी मनीऑर्डर सासऱ्याच्या नावाने येई. आता पगार जवानाच्या खात्यात जमा होतो, आणि घरात वाद सुरू होतो, की पैसे आईला पाठवायचे की बायकोला. माझे मत विचाराल तर दोघींना. आईला औषधपाण्यापुरते वेगळे, आणि सुनेला घर चालवायला वेगळे, तिच्या स्वतःच्या खात्यावर. सासूबाईंनी यात अपमान मानू नये. पोरगा बर्फात उभा असताना फोनवर एकीने दुसरीची तक्रार करायची, आणि त्याने रात्रभर जागायचे, हे बरे नव्हे.

तिसरे, बांधाचा तंटा. जवान घरी नाही हे पाहून भाऊबंद बांध कोरतात, कधी दावाही लावतात. अशा वेळी घाबरू नका. १९२५ सालचा एक कायदा आहे, इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट. जवान लढाईच्या किंवा तशा खास परिस्थितीत नोकरीवर असून त्याला कोर्टात येता येत नसेल, तर दावा पुढे ढकलता येतो. कलेक्टरसाहेब तसे कोर्टाला कळवू शकतात. त्याच्या माघारी निकाल लागला असेल, तर तो फिरवून घेण्यासाठी अर्जही करता येतो. पण हे आपोआप होत नाही. घरच्यांनी नोटीस आली त्याच दिवशी जवानाला कळवावे. तो आपल्या साहेबाकडे अर्ज देतो आणि साहेब कलेक्टरला किंवा पोलिसांच्या साहेबाला पत्र लिहितात. नोटीस देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली, तर कायदा काय करणार?

या सगळ्या कामासाठी जिल्ह्याच्या गावी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. ते माजी सैनिकांचे आहे तसेच नोकरीवरच्या जवानांच्या कुटुंबांचेही आहे. सात डिसेंबरला शाळेतली मुले छातीला छोटा ध्वज लावून डबा घेऊन येतात ना? तो ध्वजदिन १९४९ सालापासून चालू आहे, आणि तो पैसा माजी सैनिकांच्या, शहीद जवानांच्या आणि नोकरीवरच्या जवानांच्या कुटुंबांसाठी जातो. तेव्हा त्या कचेरीच्या पायऱ्या चढताना भीक मागायला आलो असे मनात आणू नका. सूनबाई एकटी जायला बिचकत असेल, तर गावातल्या एखाद्या माजी सुभेदाराला किंवा हवालदाराला बरोबर घ्या. त्यांना तिथली भाषा कळते.

येत्या गुरुवारी वर्गाला येताना ज्या घरचे कोणी फौजेत आहे, त्यांनी आपले कागद पिशवीत घालून आणावेत. लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक. प्रत्येकीने आपले नाव प्रत्येक कागदावर स्वतः वाचायचे आणि अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहायचे. मी फक्त शेजारी बसेन. चष्मा आहे त्यांनी चष्मा विसरू नये.