सणातले गणित आणि वहीतले गणित

(प्राथमिक शिक्षक व पालक यांच्यासमोर पंढरपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





शाळेत सण साजरा होतो तेव्हा फळ्याभोवती तोरण लागते, मुले आकाशकंदिलाच्या चित्रात रंग भरतात आणि बहुधा गणिताचा तास बुडतो. वास्तविक मोजणे, वाटणे, रचणे यांवाचून कोणताही सण पार पडत नाही. ते गणित वर्गात कसे आणावे, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या गावी आषाढी-कार्तिकीला चुरमुरे-बत्तासे, कुंकू-बुक्का, तुळशीच्या माळा यांची दुकाने लागतात. आईवडिलांच्या शेजारी बसलेले मूल १५ रुपयांचे तीन पुडे देते, १०० रुपयांची नोट घेते आणि ५५ रुपये क्षणात परत करते. तेच मूल वर्गात १०० वजा ४५ हे उदाहरण मांडताना हातचा घेण्यापाशी अडते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २०२५ साली हेच दाखवून दिले. व्यवहारातील अवघड हिशेब तोंडी करणारी ही मुले पुस्तकी मांडणीपुढे अडखळत होती. आणि केवळ शाळेत शिकणारी मुले बाजारातील हिशेबापुढे. म्हणजे बुद्धी दोघांपाशी आहे. मधला पूल मात्र नाही. तो न बांधल्यास हुशार मूल स्वतःस ‘ढ’ समजू लागते, ही हानी फार मोठी आहे.

हा पूल बांधण्यास सण उपयोगी पडतो. वर्गात प्रसादाचे दुकान मांडावे. मुलाने ‘४५ला ५ मिळवले की ५०, आणखी ५० मिळवले की १००’ असे मोठ्याने सांगावे व शिक्षकांनी तीच रीत फळ्यावर लिहावी. नंतर तिच्याशेजारी पुस्तकातील वजाबाकी मांडावी. दोन्ही वाटा ५५लाच पोचतात, हे मुलाला डोळ्यांनी दिसू द्यावे.

दुसरा उपक्रम दिनदर्शिकेचा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत येते. तिथी किती झाल्या? कोणी १७ म्हणेल, कोणी १८. पहिली तिथी धरायची की नाही, हा वाद मुलांनाच सोडवू द्यावा. मग दिनदर्शिकेतील तारखा मोजाव्यात. तिथीचा क्षय वा वृद्धी झाली असल्यास उत्तर बदलते, आणि तिथी व दिवस एक नव्हेत, हे आपोआप उमगते.

तिसरा उपक्रम अक्षय्य तृतीयेच्या सुमाराचा, आंब्यांचा. तो अकराशे वर्षांहून जुना आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात तो आढळतो. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ साली आपल्याच सोलापुरातून, जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रकाशित केला, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. उदाहरण असे: राजाने आंब्यांचा सहावा भाग घेतला, राणीने उरलेल्यांचा पाचवा. मग तीन राजपुत्रांनी क्रमाने उरलेल्यांचा चौथा, तिसरा व अर्धा भाग घेतला. धाकट्यासाठी तीन आंबे राहिले. एकूण आंबे किती?

आधी विचारावे, सर्वांत जास्त कोणाला मिळाले? मुले बहुधा अर्धा भाग घेणाऱ्याचे नाव घेतील. मग १८ चिंचोके घेऊन वाटप करावे. प्रत्येकाच्या वाट्याला तीनच येतात! अपूर्णांक मोठा की लहान, हे तो कशाचा भाग आहे यावर ठरते. ही गोष्ट पाठांतराने कळत नाही, वाटून पाहिल्यावर कळते.

एक विनंती करतो. अशा उपक्रमांसाठी पालकांना खर्चात पाडू नये. चिंचोके, खडे, जुनी दिनदर्शिका एवढे साहित्य पुरे. सण कोणत्या घरचा आहे हेही पाहू नये. ज्या घरी जो सण असेल, त्यातील मोजदाद त्या मुलाने वर्गाला सांगावी. त्या दिवशी ते मूल वर्गाचे शिक्षक होईल. गणिताची भीती घालवण्यास याहून सोपा उपाय मला तरी ठाऊक नाही.