पोत हरवली की ओढली?



गणपतीच्या मांडवात पोलीस-कचेरीच्या गोष्टी कशाला, असे काही जणांनी आम्हाला आधीच विचारले आहे. विचारणे रास्त आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार झाली, आणि तिथे फुटलेली दोन-चार डोकी आज पट्टी बांधून आरतीला उभी होती. म्हणून हा विषय.

आधी आमच्या ओळखीच्या एका मावशीची हकीकत. बाजारातून येताना मोटरसायकलवरच्या पोरांनी त्यांच्या गळ्यातली पोत हिसकली. ठाण्यात त्यांनी सांगितले, "माही पोत वढून नेली जी." लिहिणाऱ्याने हिंदीत लिहिले की पोत गुम झाली. मावशींनी सही केली. चार दिवसांनी नातवाने कागद वाचला तेव्हा उलगडा झाला. हरवणे हा गुन्हाच नाही. ओढून नेणे हा नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. एका क्रियापदाने चोर सुटला.

पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात, आपली जीभ मराठी, सरकारी कागद हिंदी. बाजारहाटात हे खपून जाते, फिर्यादीत खपत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर सांगणाऱ्याला वाचून दाखवावी लागते, आणि तिची प्रत मोफत द्यावी लागते. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. शब्द कळला नाही तर "याला मराठीत काय म्हणता?" असे विचारायला लाजू नका. गुन्हा नागपूरला घडला असला तरी फिर्याद इथल्या ठाण्यात देता येते. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आरोपी निर्दोष सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येते, आणि हा हक्क नव्या कायद्याचा नाही, तो 2009 च्या अखेरपासूनच आहे. शिक्षा कमी वाटली म्हणून मात्र अपील करता येत नाही.

आता गोटमार. परंपरेचा वाद आज आम्हाला घालायचा नाही. पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे दोन्हीकडचे लोक इथे बसले आहेत आणि आम्हाला घरी सुखरूप जायचे आहे! पण दरवर्षी शेकडो जखमी होतात, आजवर माणसेही दगावली आहेत, आणि फिर्याद सहसा कोणी देत नाही. कारण एकच सांगतात: दगडावर नाव नसते.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. त्याच संहितेच्या कलम 396 मध्ये म्हटले आहे की गुन्हेगार सापडला नाही, ओळखू आला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरीही पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक विधिक सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतात. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत संपवायची आहे. स्वतः गोफण घेऊन उतरलेल्याला पैसे मिळतील, असे आम्ही म्हणत नाही; त्याला लोक विचारतीलच, तू गेला कशाला? पण काठावर उभा असलेला, दुकान बंद करून घरी निघालेला, छतावरून पाहणारे लेकरू? त्यांनी अर्ज का करू नये? आणि हे कलम फक्त गोटमारीसाठी नाही. रात्री संत्र्याच्या बागेत राखणदाराला मारून पळालेल्यांचा पत्ता लागला नाही, तरी त्याच्या बायकोला हेच दार उघडे आहे.

पीडित लहान मूल असेल तर, विशेषतः लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात, पॉक्सो कायदा आणखी पुढे जातो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, पोलीस गणवेशात नको, मूल बोलेल तसेच लिहायचे, आणि गरज पडली तर दुभाषी घेता येतो. सौंसरच्या पोरीने मराठीत सांगितले तर ते मराठीतले सांगणेच खरे.

आणि आरोपीच अल्पवयीन असला तर? 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. दोघेही आपल्या मध्य प्रदेशचे. चालवणारा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि अपघातावर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. देशभर संताप झाला, तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात धाडले, जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सोडले. आपली पोरेही पुण्यालाच नोकरीला जातात, म्हणून ती बातमी इथे घरोघरी वाचली गेली.

आम्हाला मुलांना फासावर चढवायचे नाही. बाल न्याय कायदा मुलाला सुधारण्यासाठी आहे आणि तसाच असावा. जामीन हा तिथला नियमच आहे. पण त्याच कलम 12 मध्ये एक अपवाद आहे: सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होत असेल तर जामीन नाकारता येतो. ज्यांचे माणूस गेले त्यांचे म्हणणे सरकारी वकिलामार्फत मंडळापुढे मांडायची ही जागा आहे. ती पहिल्याच दिवशी वापरावी लागते, आणि पहिल्या दिवशी घरात रडारड चालू असते. तेव्हा शेजाऱ्याने उठून जायचे असते.

म्हणून मंडळाने यंदा ठरवले आहे: विसर्जनापर्यंत रोज आरतीनंतर आमच्यापैकी दोघे मांडवाच्या डाव्या बाजूला बसतील. हिंदी कागद असेल तर घेऊन या, मराठीत वाचून देऊ. अर्ज करायचा असेल तर तहसील न्यायालयातल्या विधिक सेवा समितीपर्यंत सोबत येऊ. फोनवर विचारायचे असेल तर 15100 हा क्रमांक मोफत आहे.

मावशींनी नातवाला घेऊन पुन्हा जबाब दिला. यावेळी "छीन ली" असे लिहिले गेले. पोत अजून मिळालेली नाही.