धीर देणारे शब्द



आपली मुले माण सोडून मुंबई-पुण्यास स्थिरावली. गावी कोणी निवर्तले की दूरध्वनीवर त्यांच्या मुखातून 'सॉरी', 'टेक केअर' एवढेच बाहेर पडते. या शब्दांस परके म्हणून मी हिणवीत नाही. आपला 'दिलासा' तरी फारसीतूनच आला. त्यात 'दिल' आहे. इंग्रजी 'एन्करेज'च्या पोटातही लॅटिनमधील हृदयवाचक शब्द आहे, आणि 'कम्फर्ट'चा मूळ अर्थ बळ देणे, म्हणजे आपले धीर देणेच.

अडचण निराळी आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीसारख्या कामांवर ज्या माउलीने खडी फोडली, तिला 'सॉरी' म्हणजे क्षमायाचना वाटते. नातवाचा अपराध कोणता, हे तिला उमगत नाही. 'आजी, धीर धर, रात्रीच्या एस.टी.ने निघतो', एवढे मात्र तिला पुरते कळते.